आजीचं वय आणि शॉकची भीती: उतारवयातल्या तीव्र नैराश्याचं एक प्रकरण

बाईंना वॉर्डात आणलं तेव्हा त्या ७४ वर्षांच्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, पतीचं निधन होऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आणि सुनेसोबत राहणाऱ्या. सात महिन्यांत वजन ५८ किलोवरून ४६ वर आलं होतं. दोन दिवसांपासून पाणीही नको म्हणत होत्या. चमचा ओठांशी नेला की तोंड घट्ट मिटायच्या आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणायच्या, "आत काही उरलंच नाही. टाकता कुठे?" वॉर्डातल्या सिस्टर पहिल्या दिवसापासून त्यांना 'बाई' म्हणू लागल्या. मीही इथे तेच म्हणते. (हे प्रकरण एकाहून अधिक रुग्णांच्या अनुभवांतून गुंफलेलं आहे. कुणा एका व्यक्तीची ओळख यात शोधू नये.)

सोबतच्या जाडजूड फायलीच्या पहिल्या पानावर निदान होतं: स्मृतिभ्रंश.

सात महिन्यांची फाइल

सुरुवात पोटापासून झाली होती. पोट साफ होत नाही, आत काहीतरी अडकलंय, अशी तक्रार. सोनोग्राफी झाली, वरून-खालून दोन्हीकडून दुर्बीण झाली, सगळं ठीक निघालं. मग झोप गेली. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत त्या पलंगाच्या कडेला बसून राहायच्या. वर्तमानपत्र बंद झालं, फोन घेणं बंद झालं. हळूहळू पोटाच्या तक्रारीचं रूप पालटलं. आतडी सडली आहेत, मग आतडी नाहीतच, मग मी आत पोकळ आहे.

फॅमिली डॉक्टरांनी एसिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात चक्कर येऊन पडल्या. रक्तातलं सोडियम १२४ निघालं. या जातीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरणं नेहमीचंच आहे, त्यामुळे गोळी थांबवली ते बरोबरच झालं. नंतर मिर्टाझापिन दिलं, मात्राही पुरेशी वाढवली. झोप जरा सुधारली, बाकी काही हललं नाही. त्यात भ्रमावरच्या ओलान्झापिनची भर पडली. दरम्यान कुणीतरी स्मरणशक्तीची चाचणी घेतली, ३० पैकी ११ गुण आले आणि स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल सुरू झालं. तिथून पुढे घरच्यांच्या बोलण्यात 'आईचं डोकं चालेनासं झालंय' हे वाक्य आलं. एकदा हे वाक्य घरात रुळलं की माणूस खात नाही यामागेही तेच कारण दिसू लागतं.

आम्हाला ते निदान पटेना. सात महिन्यांपूर्वी बाई घराचा जमाखर्च लिहीत होत्या, नातवंडांचा अभ्यास घेत होत्या. अल्झायमर इतक्या वेगाने सहसा चालत नाही. दुसरं म्हणजे त्यांची उत्तर देण्याची पद्धत. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बऱ्याचदा प्रयत्न करतो, चुकतो, चूक झाकून नेतो. बाई प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच "माहीत नाही" म्हणत. वार कोणता, माहीत नाही. मुलाचं नाव काय, यावर मात्र बराच वेळ गप्प राहून, "त्याला कशाला त्रास देता?"

तिसरा धागा फोनवर मिळाला. बाईंचे थोरले भाऊ म्हणाले की ती छत्तिशीत असताना, दुसऱ्या बाळंतपणानंतर, असंच झालं होतं. तीन महिने अंथरुणाला खिळली होती, रुग्णालयात ठेवावं लागलं, मग पूर्ण बरी होऊन शाळेत रुजू झाली. मुलांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आधीचा एक झटका आणि त्यातून पूर्ण सुटका, ही बातमी आमच्यासाठी कुठल्याही स्कॅनपेक्षा मोलाची ठरली. स्कॅनमध्ये वयानुसार मेंदू थोडा आक्रसलेला होता, पांढऱ्या भागात ठिपके होते. असे ठिपके या वयात ठणठणीत माणसांतही दिसतात. थायरॉइड आणि बी-१२ ठीक होतं.

निदान झालं ते भ्रमासहित तीव्र नैराश्याचं. अवयव नाहीत, आपण मेलेलोच आहोत, अशा भ्रमाचं वर्णन फ्रेंच डॉक्टर ज्यूल्स कोतार यांनी १८८० मध्ये केलं आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उतारवयात हा प्रकार जास्त आढळतो. नैराश्य मोजायच्या ज्या मोजपट्टीवर कमाल गुण ६० असतात, तिच्यावर बाईंचे ४७ आले.

"या वयात शॉक?"

मी ईसीटीचा, म्हणजे डोक्याला विजेचा झटका देऊन फिट आणण्याच्या उपचाराचा, विषय काढला तेव्हा मुलगा खुर्चीत मागे सरकला. "डॉक्टर, या वयात शॉक? तिची हाडं बघितलीत का? मणक्याला एक फ्रॅक्चर आधीच आहे. हृदयात स्टेंट आहे." सून काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरून आले. वेगळ्या घरी राहणारी मुलगी बरंच वाचून आली होती. तिचा प्रश्न सरळ होता: "ते मॅग्नेटचं मशीन आहे ना, ते का नाही?"

दोघांचेही प्रश्न रास्त होते, त्यामुळे उत्तरंही सविस्तर द्यावी लागली.

आधी हाडांचं. रोममध्ये १९३८ साली उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी विजेने पहिल्यांदा फिट आणली, तेव्हा ना भूल होती ना स्नायू सैल करणारं औषध. त्या काळात खरोखरच मणके मोडत. लोकांच्या मनात आजही तेच चित्र आहे. आता रुग्णाला आधी पूर्ण भूल देतात, मग सक्सामिथोनियमने काही मिनिटांपुरते स्नायू सैल करतात, श्वास भूलतज्ज्ञ मास्कने देतो. फिट येते ती मेंदूत. शरीराला जेमतेम थरथर जाणवते. ठिसूळ हाडांची बाई असेल तर या औषधाची मात्रा हात आखडता न घेता द्यायची, एवढाच फरक.

हृदयाचा मुद्दा अधिक गंभीर होता. वीज दिल्यावर पहिले काही क्षण नाडी मंदावते आणि लगेच नाडी आणि रक्तदाब दोन्ही उसळतात. दुखऱ्या हृदयावर हा खरा ताण आहे. म्हणून ईसीजी झाला, इको झाला, हृदयरोगतज्ज्ञांचं मत घेतलं. स्टेंट जुना होता, हृदयाची ताकद चांगली होती. एकूण पाहता ईसीटीने मृत्यू येण्याचं प्रमाण लाख उपचारांमागे साधारण २ इतकं आहे. दुसऱ्या पारड्यात काय होतं तेही मी सांगितलं. ४६ किलोची, न खाणारी, न उठणारी ७४ वर्षांची स्त्री. पायात गुठळी, छातीत जंतुसंसर्ग, पाठीला जखमा, मूत्रपिंडांवर भार. यातलं काहीही पुढच्या आठवड्यात होऊ शकत होतं. घरचे बहुतेक वेळा उपचाराचा धोका विचारतात. थांबण्याचा धोका क्वचितच कुणी विचारतं, आणि उतारवयात तोच मोठा असतो.

आता वयाबद्दल. माझं मत ठाम आहे: या आजारात वय ही ईसीटीच्या विरोधातली गोष्ट नाही, बाजूची आहे. भ्रम, हालचाली मंदावणं, अन्न सोडणं ही लक्षणं म्हातारपणातल्या नैराश्यात जास्त दिसतात आणि याच लक्षणांना ईसीटी सर्वांत चांगली लागू पडते. अमेरिकेत ६० वर्षांवरच्या २४० रुग्णांवर 'प्राइड' नावाचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधाच्या जोडीने ईसीटी दिल्यावर त्यातले जवळपास ६२ टक्के लोक पूर्ण बरे झाले, तेही सरासरी सात-आठ उपचारांत. २८ टक्के लोकांनी उपचार अर्धवट सोडले, हेही सांगायला हवं. बाईंसारख्या दोन औषधांनी न हललेल्या रुग्णासाठी तिसऱ्या गोळीकडून एवढी आशा कुणी दाखवू शकत नाही.

मग मॅग्नेट. चुंबकीय उत्तेजना, म्हणजे टीएमएस, मी स्वतः अनेक वृद्ध रुग्णांना सुचवते. भूल लागत नाही, फिट आणायची नसते, स्मरणशक्तीला धक्का लागत नाही. अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये शेफिल्डला हे यंत्र मेंदूवर चालवून दाखवलं आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी नैराश्यासाठी त्याला मंजुरी दिली. वय वाढतं तसा मेंदू आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांतलं अंतर वाढतं आणि चुंबकाचा जोर पोचेपर्यंत ओसरतो. म्हणून वृद्धांत फायदा होत नाही अशी शंका एके काळी होती. जोर त्या अंतराच्या हिशेबाने वाढवला की ती बरीचशी दूर होते. २०२२ मध्ये ६० वर्षांवरच्या १७२ लोकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाऊण तासाच्या जुन्या पद्धतीच्या जागी चारेक मिनिटांची थीटा-बर्स्ट पद्धत वापरली तरी निकाल त्याच तोडीचे आले. दोन्हींत साधारण एक तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले. पण त्यात भ्रम असलेले रुग्ण घेतलेलेच नव्हते. शिवाय टीएमएससाठी रोज यावं लागतं, जागं राहून खुर्चीत स्थिर बसावं लागतं आणि परिणाम दिसायला आठवडे जातात. बाईंकडे तेवढे आठवडे नव्हते.

डोक्याला दोन पट्ट्या लावून एक-दोन मिलिअँपिअरचा मंद प्रवाह सोडायचा टीडीसीएस हा प्रकारही मुलीने वाचला होता. सौम्य नैराश्यात त्यावर काम चालू आहे. पण अन्न सोडलेल्या, भ्रमात असलेल्या माणसासाठी त्याचा विचारही करू नये.

घरच्यांनी वेळ मागितला, आम्ही दिला. त्या आठवड्यात नाकातून नळी घातली, ती बाईंनी दोनदा उपसून काढली. पोटॅशियम २.९ पर्यंत उतरलं. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर फॉस्फेट धोकादायकरीत्या घसरतं, म्हणून बेताबेताने, आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन अन्न वाढवत होतो. शेवटी होकार दिला तो सुनेने सुरुवात करून. "आईंना विचारता येत असतं तर त्या 'करून टाका' म्हणाल्या असत्या," ती म्हणाली.

बाईंना आम्ही विचारलं होतंच. त्यांचं उत्तर होतं, "मेलेल्या माणसाला कसला उपचार?" समोरची माहिती तोलून निर्णय घ्यायची क्षमता त्या क्षणी त्यांच्यात नव्हती. अशा वेळी कायदा जी पद्धत सांगतो ती पाळून, दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांचं स्वतंत्र मत घेऊन, कुटुंबाच्या संमतीने उपचार सुरू केले. फायलीत एक ओळ मुद्दाम लिहिली: क्षमता परतताच रुग्णाची स्वतःची संमती घ्यावी, ती मिळाली नाही तर थांबावं.

तयारी

वृद्ध रुग्णाच्या ईसीटीत खरं कसब इथे लागतं, आणि वाचणाऱ्यांच्या घरात कुणावर ही वेळ आली तर याच गोष्टी विचाराव्यात. डोनेपेझिल बंद केलं. ते सक्सामिथोनियमचा परिणाम लांबवतं आणि नाडी आणखी मंद करू शकतं. आधी कुणीतरी झोपेसाठी दिलेली लोराझेपामची गोळी हळूहळू काढली, कारण तिने फिट येणं अवघड होतं. सोडियम आणि पोटॅशियम जागेवर आणलं. फार दिवस अंथरुणात खिळलेल्या रुग्णात सक्सामिथोनियमने पोटॅशियम अचानक उसळू शकतं. बाई आधार घेऊन का होईना, परवापरवापर्यंत बाथरूमपर्यंत चालत होत्या, त्यामुळे ती भीती कमी होती. रक्तदाबाची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालूच ठेवली.

खालचा एक दात हलत होता. स्नायू सैल करणारं औषध दिलं तरी कानशिलाजवळचा जबड्याचा स्नायू विजेने थेट आवळला जातो आणि दात एकमेकांवर आदळतात. हलणारा दात तुटून घशात जायला नको म्हणून दंतवैद्यांना बोलावून तो आधी काढला. वरची कवळी दर वेळी काढून ठेवायची. श्रवणयंत्र मात्र भूल चढेपर्यंत कानात राहू द्यायचं आणि जाग येताच पहिल्यांदा तेच लावायचं, असं सिस्टरनी ठरवलं. ऐकूच येत नसेल तर गोंधळलेला माणूस भानावर येणार कसा?

उपचार

पद्धत निवडली ती फक्त उजव्या बाजूने, अतिलघु स्पंदांची. एक इलेक्ट्रोड उजव्या कानशिलावर, दुसरा टाळूच्या किंचित उजवीकडे. बहुतेकांची भाषा आणि शब्दांची स्मृती डाव्या अर्ध्यात असते, तिला कमीत कमी धक्का लागावा हा हेतू. जीव धोक्यात असला की दोन्ही कानशिलांनी सुरुवात करावी असं मानणारे डॉक्टर आहेत, त्यांचंही चूक नाही. नळी आणि सलाईनवर आम्हाला थोडे दिवस मिळत होते, म्हणून स्मृती जपणारी वाट आधी धरली.

पहिल्या दिवशी फिट यायला किमान किती वीज लागते ते शोधायचं असतं. हा उंबरठा वयाबरोबर वाढतो. उजव्या घोट्याभोवती रक्तदाबाचा पट्टा फुगवून ठेवला होता, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध त्या पावलापर्यंत पोचणार नाही. पहिल्या दोन मात्रांना काहीच झालं नाही. तिसऱ्या मात्रेला पायाचा अंगठा ताठ झाला, मग पाऊल ठेक्यात हलू लागलं. २२ सेकंद. मेंदूच्या आलेखावर फिट ३१ सेकंद चालली. बाकीचं शरीर निश्चल होतं. रक्तदाब १९८ वर गेला, एस्मोलॉलने खाली आला. चौदा मिनिटांनी बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं. मुलगा दाराबाहेर उभा होता. "एवढंच?" असं त्याने दोनदा विचारलं.

पुढच्या वेळेपासून उंबरठ्याच्या सहापट मात्रा, आठवड्यातून तीन वेळा. तिसऱ्या वेळी फिट केवळ १६ सेकंद टिकली. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाने फिट आखडते, म्हणून त्याऐवजी भूलतज्ज्ञांनी इटोमिडेट वापरलं आणि वीज द्यायच्या आधी मास्कने जलद श्वास दिले. चौथ्या वेळी ३८ सेकंद मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने तक्त्यात नोंद केली: '१५० मिली पाणी, स्वतःच्या हाताने.'

पाचव्या उपचारानंतर बाई बोलू लागल्या आणि पुन्हा त्यांच्यासमोर बसून सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला मला विचारलं नव्हतं." मी का ते सांगितलं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि सही केली.

सहाव्यानंतर गाडी अडली. झोप आली होती, जेवण निम्म्यावर आलं होतं, नळी निघाली होती. पण आतडी नाहीत हे मत कायम होतं. 'खाते, पण ते कुठे जातं कळत नाही,' असं म्हणत. मोजपट्टीवर गुण २९ वर येऊन थांबले. उजव्या बाजूने मात्रा वाढवावी म्हटलं तर यंत्राची कमाल जवळ आली होती, हेही या वयात घडतं. दोन पर्याय होते: आणखी दोन-तीन वेळा तसंच चालू ठेवायचं किंवा दोन्ही कानशिलांवर जायचं. बाईंना आणि मुलांना दोन्हींचं स्मृतीवरचं मोल सांगितलं. बाईंनी बदलाला होकार दिला.

सातवा आणि आठवा उपचार दोन्ही बाजूंनी झाला. आठव्यानंतर दोन दिवसांनी बाई सुनेला म्हणाल्या, "पोट साफ झालं. असावं सगळं जागेवर." भ्रम मोडला होता. पण किंमतही लागली. आधी पंधरा मिनिटांत भानावर येणाऱ्या बाईंना त्या दिवशी पाऊण तासाहून जास्त लागला आणि संध्याकाळी त्या वॉर्डाला शाळा समजून सिस्टरना हजेरीपट आणायला सांगत होत्या. लघवीचा संसर्ग, सोडियम, नवी औषधं सगळं तपासलं, काही नव्हतं. आम्ही पाच दिवस थांबलो, मग आठवड्यातून दोनवर आलो, शेवटचा तर आठवड्याने. एकूण ११ उपचारांनंतर गुण ६ झाले. वजन वाढायला लागलं होतं आणि बाई सिस्टरांच्या मुलांच्या वह्या तपासत होत्या.

ताई

घरी जायच्या आधी बाई मुलाला म्हणाल्या, "ताईला फोन लाव. तिला सांगायला हवं मी बरी आहे."

बाई दाखल होण्याच्या दोन महिने आधी त्यांची थोरली बहीण वारली होती. बाई अंत्यविधीला गेल्या होत्या, तिथे बसल्या होत्या, घरी आल्या होत्या. त्यातलं काही त्यांना आठवत नव्हतं. त्या सबंध वर्षाचे मोठमोठे तुकडे गायब होते.

मुलगा माझ्याकडे धावत आला. काही दिवस टाळूया का, असं त्याचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. आजारातून उठलेल्या माणसाला घरात काहीतरी लपवलं जातंय हे फार लवकर कळतं आणि त्याचा अर्थ तो स्वतःवर ओढून घेतो. त्याच दुपारी मुलगा आणि मी दोघं त्यांच्याजवळ बसलो. त्याने सांगितलं. बाई खूप रडल्या. मग विचारलं, "मी गेले होते का?" गेली होतीस, शेवटपर्यंत बसली होतीस. "रडले होते का?" मुलाने खरं सांगितलं, नाही. त्या वेळी त्या आपण स्वतःच मेलेल्या आहोत असं समजत होत्या. आता रडत होत्या ते बहिणीसाठी. त्यानंतर त्या जेवल्या, रात्री झोपल्या. शोक आणि नैराश्य यांतला फरक मला इतका स्पष्ट क्वचितच दिसला आहे.

तीन दिवसांनी त्यांनी पुन्हा ताईबद्दल विचारलं, पुन्हा सांगावं लागलं. मग सुनेने एक वही केली. त्या वर्षात काय काय झालं, तारीखवार, फोटो चिकटवून. त्यानंतर ती गोष्ट मनात टिकली.

हा विसर कुणामुळे? तीव्र नैराश्यात आठवणी मुळात नीट नोंदल्याच जात नाहीत. ईसीटीने, त्यातही दोन्ही बाजूंच्या पद्धतीने, उपचाराच्या आधीच्या काही महिन्यांच्या आठवणी पुसल्या जाऊ शकतात, आणि काही जणांच्या त्या परतत नाहीत. कुणाचा वाटा किती हे एका रुग्णात वेगळं काढता येत नाही. २०१० मध्ये सेमकोव्स्का आणि मॅक्लॉक्लिन यांनी ८४ अभ्यास एकत्र पाहिले. नवं लक्षात ठेवणं, लक्ष देणं, विचाराचा वेग यांतली घट मुख्यतः उपचारानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत दिसली आणि पंधरवड्यानंतर बहुतेक बाबतींत रुग्ण उपचाराच्या आधीपेक्षाही सुधारलेले होते. हे दिलासा देणारं आहे, पण चाचणीतले शब्द आठवणं वेगळं आणि बहिणीचा शेवटचा दिवस आठवणं वेगळं. 'तात्पुरता विसर पडतो' एवढं म्हणून संमतीचा कागद पुढे करणारा डॉक्टर रुग्णावर अन्याय करतो. काय हरवू शकतं ते उदाहरणासकट सांगायला हवं. पुरेपूर ऐकूनही लोक होकार देतात.

मुलीला वेगळीच चिंता होती: याने पुढे स्मृतिभ्रंश होईल का? डेन्मार्कमध्ये मनःस्थितीचे आजार असलेल्या एक लाख ६८ हजार रुग्णांच्या नोंदी पाहून २०१८ मध्ये निष्कर्ष निघाला की ईसीटी घेतलेल्यांत त्याचं प्रमाण वाढलेलं नाही. उलट ईसीटीनंतर स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग एमआरआयवर वाढलेला दिसतो. मात्र तो ज्यांच्यात जास्त वाढतो तेच जास्त बरे होतात असं नाही, त्यामुळे ईसीटी नेमकी कशी काम करते याचं उत्तर तिथेच आहे असं मी म्हणणार नाही. उतारवयात आलेलं नैराश्य हे कधी कधी स्मृतिभ्रंशाची पहिली पायरी असतं, हेही खरं. म्हणून बाईंची चाचणी ठरावीक अंतराने होते. ११ वरून तीन महिन्यांनी २४, वर्षाने २६. नावं अजून अडतात.

घरी गेल्यानंतर

ईसीटीचा सर्वांत दुबळा भाग तिच्या शेवटानंतर सुरू होतो. बरं झाल्यावर काहीच चालू ठेवलं नाही तर आजार उलटतो. २००१ च्या सॅकाइम यांच्या अभ्यासात सहा महिन्यांत निव्वळ साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ८४ टक्के, नॉरट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्के आणि त्यासोबत मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोक पुन्हा आजारी पडले. 'प्राइड'च्या दुसऱ्या टप्प्यात औषधांच्या जोडीला अधूनमधून, लक्षणांप्रमाणे, ईसीटी दिलेल्यांची प्रकृती चोवीस आठवड्यांनी नुसत्या औषधांवर असलेल्यांपेक्षा चांगली राहिली. भ्रमाच्या नैराश्यात ओलान्झापिन लवकर काढू नये हे २०१९ च्या एका अभ्यासाने दाखवलं: नैराश्यावरच्या सर्ट्रालिनबरोबर ते चालू ठेवलेल्यांत ३६ आठवड्यांत २० टक्के लोकांचा आजार उलटला, काढलेल्यांत ५५ टक्के.

बाईंचं सोडियम पाहता सर्ट्रालिन आणि व्हेन्लाफॅक्सिन दोन्ही नको होती. मिर्टाझापिन, थोडं ओलान्झापिन आणि मूत्रपिंडांवर नजर ठेवून लिथियम अगदी कमी मात्रेत, असं ठरलं. ईसीटीच्या आदल्या रात्री लिथियम वगळायचं, नाहीतर गोंधळ वाढतो. पहिल्या महिन्यात चार उपचार, परत उजव्या बाजूने, मग अंतर वाढवत चार आठवड्यांपर्यंत.

पाचव्या महिन्यात सुनेचा फोन आला. बाई पहाटे तीनला उठत होत्या आणि 'पोट जड आहे' म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच बोलावलं. एका आठवड्यात दोन उपचार दिले आणि झोप परत आली. मागच्या खेपेला याच टप्प्यापासून आमच्यापर्यंत पोचायला सहा महिन्यांहून जास्त लागले होते.

या घटनेनंतर बाईंनी स्वतःहून एक कागद लिहून आणला, सुवाच्य अक्षरात, मुद्द्यांना आकडे घालून. मी पुन्हा खाणं सोडलं तर तिसऱ्या औषधाची वाट पाहू नये, दोन आठवड्यांच्या आत ईसीटीचा निर्णय घ्यावा. सुरुवात उजव्या बाजूने करावी. दोन्ही बाजूंनी करायची वेळ आली आणि मला विचारण्यासारखी माझी अवस्था नसेल, तर निर्णय सुनेचा, मुलाचा नाही, तो घाबरतो. मुलाने तो वाचला आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली. एक प्रत आमच्या फायलीत आहे, एक घरातल्या त्या वहीत.